भिंतीतली फुंकणी

समजा, एका पन्नाशीच्या बाईचा डावा डोळा तुम्हाला तपासायचा आहे. आधी साबणानं हात धुवा आणि कशालाही न पुसता वाऱ्यावर वाळू द्या. बाईला पडवीत उजेडाकडे तोंड करून बसवा. तिला म्हणा, "खाली बघा, आपल्या पायांच्या बोटांकडे." मग अंगठ्यानं वरची पापणी हळूच उचला आणि अंगठा भुवईच्या हाडावर टेकवा. हाडावर, डोळ्यावर नाही. डोळ्यावर भाताच्या दाण्याएवढाही भार पडता कामा नये. आता दुसऱ्या हातानं टॉर्च धरा, बाजूनं उजेड टाका आणि बुबुळाच्या काठापासून थोडं दूर, पांढऱ्या भागावर बघा. तिथं तीन ठिकाणी टाके दिसतील, केसाहून बारीक. दोन वरच्या अंगाला, एक खाली कानशिलाच्या बाजूला.

या तीन जागांतून डॉक्टर डोळ्याच्या आत गेले होते. डोळ्याच्या आत शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखा मऊ, पण काचेसारखा स्वच्छ गर भरलेला असतो. त्या गरात रक्त उतरलं आणि महिने उलटूनही ते विरलं नाही, तर गरच काढावा लागतो. एका छिद्रातून पाणी आत सोडत राहतात, म्हणजे डोळा खाली बसत नाही. दुसऱ्यातून आत उजेड धरतात. तिसऱ्यातून एक सुईसारखी नळी जाते, ती गर कापते आणि ओढून घेते. काम झालं की तिन्ही छिद्रं शिवतात.

अवघड काम डॉक्टरांचं, ते तिथं संपतं. पण रोगी घरी परतला की सगळी भिस्त या तीन लहान दारांवर. त्यातलं एखादं नीट मिटलं नाही, तर आतलं पाणी पाझरतं आणि डोळा मऊ पडतो. जखमेच्या कडेतून आत पुन्हा रक्त उतरू शकतं. जंतू शिरू शकतात. गराचा उरलासुरला धागा जखमेत अडकला, तर तो आतल्या पडद्याला हळूहळू ओढत राहतो. म्हणून ही दारं मिटेपर्यंत डोळ्यावर जोर पडू द्यायचा नाही. सांगायला हे एक वाक्य आहे. ते एका घरात कसं पाळलं गेलं, ते मी सांगणार आहे.

तुमच्यासमोर बसलेल्या बाईचं नाव केशर. नंदिगड्ड्यापासून रानवाटेनं आत गेलं की ओढ्यापलीकडे तिची वाडी लागते. थोडी घरं, खाली भाताची खाचरं, वर रान. मी तेव्हा, म्हणजे ब्याण्णव साली, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात नेत्र सहायक म्हणून नवीनच लागलो होतो. माझं घर रामनगरला. वाडीतले लोक मला 'डोळ्याचे सार' म्हणत.

केशरचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. भात मळताना लोंबीचं कुसळ लागलं, डोळ्यात फूल पडलं, संपलं. तिला त्याचं दुःख असलं तरी ते कधी दिसलं नाही. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "बंदूकवाला नेम धरताना एक डोळा झाकतोय न्हवं? मी जन्मभर नेम धरूनच हाय."

या बाईची वाडीत ख्याती होती ती विस्तवासाठी. आमच्याकडे पाऊस लागला की लाकूड ओलं, भिंत ओली, काडेपेटीसुद्धा ओली. अशा दिवसांत दुसऱ्या घरांतून नुसता धूर निघायचा, केशरच्या चुलीत जाळ असायचा. लोक तिच्याकडून निखारे न्यायचे. लग्नात मोठी चुलवणं पेटवायला तिला आजूबाजूच्या वाड्यांतून बोलावणं यायचं. फुंकणी ती स्वतःची घेऊन जायची, बांबूची, तोंडाकडचं टोक वापरून वापरून हस्तिदंतासारखं गुळगुळीत झालेलं. तिचा नवरा नागू सांगायचा, "मांडवात नवरी उशिरा आली तर चालतंय सार. पर हिला उशीर झाला तर वऱ्हाड उपाशी."

त्या साली माघात गोठ्यात अंथरायला पाला तोडताना वाकवलेली फांदी केशरच्या हातातून सुटली आणि सपकन डाव्या डोळ्यावर बसली. बाहेर जखम काही नाही. पण संध्याकाळपर्यंत डोळ्यासमोर लाल धूर आला, दुसऱ्या दिवशी काळोख. मी बघितलं तेव्हा आत नुसतं रक्त दिसत होतं. काही वेळा ते आपोआप विरतं म्हणून वाट पाहिली. विरलं नाही.

याच काळोखात तिच्या मुलाचं, झिलूचं, लग्न झालं. ते आधीच ठरलेलं होतं. सुनेचं नाव फुला. केशरनं सुनेला ओवाळलं ते तिच्या कपाळावर हात ठेवून, अंदाजानं. चुलवण मात्र तिनंच पेटवलं. विस्तवाला डोळे लागत नाहीत, ऊब सांगते कुठं फुंकायचं, असं तिचं म्हणणं. लग्न झाल्यावर झिलू कुळगीला वनखात्याच्या कामावर परत गेला आणि घरात ही तिघं राहिली.

आषाढात हुबळीच्या एका मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. नागू आणि फुला सोबत होते. पट्टी सुटली तेव्हाची गोष्ट मला फुलानं नंतर सांगितली. केशर समोर बघत राहिली आणि म्हणाली, "ही कोण पोर?"

"मी फुला, आत्ये."

"आवाज तुजाच हाय. पर तू येवढी बारकी? हात धरतीस तवा वाटायचं, म्हशीला आवरणारी बाई आणल्याव आमी."

नागू आणि नर्स दोघंही हसली. फुला रडायला लागली. केशरनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसता बघितला.

निघताना डॉक्टरांनी नागूला कन्नडमध्ये समजावून सांगितलं. नागूला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यानं ते गाण्यासारखं पाठ केलं. ओझं नको. वाकणं नको. धूर नको. डोक्यावरून पाणी नको. वाडीत तो कुणालाही भेटला की ही चार नको म्हणून दाखवायचा. पहिल्या फेरीला मी गेलो तेव्हा केशरला घागरीला हातसुद्धा लावू देत नव्हते. फुला तिला मागं मान टेकवून, केस वेगळे धुऊन अंघोळ घालायची. थेंब घालायच्या आधी हात धुवायची. टाके स्वच्छ होते, लाली उतरत होती. अंगणाच्या पलीकडे फणसाखाली उभं राहून मी बोटं दाखवली, ती केशरनं बरोबर मोजली. वर म्हणाली, "करंगळीचं नख वाढलंय सार, काढा."

मी आनंदात परत आलो.

दुसऱ्या फेरीला पडवीत चढलो तेव्हा केशर हसली, पण माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघून. मी फणसापर्यंत गेलोच नाही. हातभर अंतरावर बोटं धरली.

"धूर हाय," ती म्हणाली. "धुराच्या पलीकडं काय तरी हलतंय."

मी हात धुतले, पापणी उचलली. खालचा टाका छान बसला होता. वरच्या दोनपैकी कानशिलाकडचाही तसाच छान. पण नाकाकडच्या टाक्यापाशी पांढऱ्या कातडीखाली पाण्याचा फुगा आला होता, मसुराच्या डाळीएवढा. म्हणजे आतलं पाणी तिथून पाझरत होतं. टॉर्चच्या उजेडात आतली लालीही मळकट दिसली. पुन्हा थोडं रक्त उतरलं होतं.

तिला दुसरा डोळा नव्हता. हा गेला तर परत काळोख, आणि यावेळी कायमचा.

"केशरमावशी, खरं सांगा, ओझं उचललं?"

ती बोलायच्या आत नागू उसळला. "ओझं? सार, वाडीला विचारा. तांब्यासुदीक मी देतोय तिच्या हातात. ओझं न्हाई, वाकणं न्हाई, डोक्यावर पाणी न्हाई..."

"धूर?"

"धुराचं तर नावच काढू नगा. ऑपरेशन झाल्यापासनं सैपाकघराचा उंबरा वलांडला न्हाई तिनं."

"डोळा चोळला?"

"डबी बांधून निजते की वो," केशर म्हणाली. डोळ्यावर बांधायची प्लास्टिकची भोकांची डबी दवाखान्यानं दिली होती, ती उशाशी फडक्यात नीट गुंडाळलेली दिसत होती.

"खोकला? पोट साफ होतंय का? शौचाला जोर लावावा लागतो?"

"काय तरीच इचारतोस बाबा! सून हाय घरात," म्हणून तिनं मला गप्प केलं. पण तसलंही काही नव्हतं.

मी बुचकळ्यात पडलो. कधी टाका आपोआपच सैल होतो, असंही घडतं. उद्या पहाटेच्या गाडीनं हुबळीला न्यायचं ठरवलं आणि तसं सांगितलं. केशरच म्हणाली, "फुला, सारला च्या ठेव. गळाटलाय बग कसा."

फुला आत गेली. बाहेर पावसाची झड चालूच होती. आतून काड्या ओढल्याचा आवाज आला, मग कुडाच्या फटींतून धूर यायला लागला. थोड्या वेळानं फुलाची हाक आली, "आत्ये, जरा!"

केशर उठली नाही. बसल्या जागी तिनं नुसती मान उजवीकडे वळवली. तिच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीतून बांबूचं एक टोक बाहेर आलेलं होतं. मला ते इतका वेळ खुंटी वाटलं होतं, त्यावर तिचा पदरही टाकलेला होता. तिनं पदर काढला, टोक ओठांशी घेतलं, छाती भरून श्वास ओढला आणि फुंकलं. गाल फुगले. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. कपाळ काळंनिळं झालं. आत भिंतीपलीकडे जाळ भुर्रकन उठला.

"थांबा! मावशी, थांबा!"

माझा आवाज इतका मोठा झाला की गोठ्यातली वासरं बिथरली. केशरनं तोंडातलं टोक सोडलं. "काय झालं? धूर तर न्हाई आला माझ्याकडं."

"हे कधीपासून?"

नागूच्या चेहऱ्यावर तेवढ्यातल्या तेवढ्यात थोडा अभिमान उमटला. "म्या केलं ते. तुमी मागं येऊन गेला न्हवं, त्याच्या दुसऱ्याच दिशी. ह्या पोरीला वल्लं लाकूड पेटवायला जमंना. दोन टायम आमी अर्धं कच्चं खाल्लं. आणि हिचा जीव तिकडं चुलीत. मग म्हटलं, वाकायचं न्हाई, धुरात जायाचं न्हाई, तर बसल्या जागी हवेवर फुंकंल की. लांब बांबू आणला, आतल्या सगळ्या गाठी तापल्या सळीनं जाळून काढल्या, कूड फोडून चुलीपतोर नेला. तोंडाला लागंल म्हणून टोक विळ्यानं तासून, वर खोबरेल लावून गुळगुळीत केलं." मग माझा चेहरा बघून त्याचा आवाज बारीक झाला. "चार नकोतलं एकबी मोडलं न्हाई, सार."

खरंच मोडलं नव्हतं. मी उठून आत जाऊन बघितलं. बांबू चुलीच्या तोंडाशी बरोबर कोन धरून टेकवला होता, खाली दगडाचा आधार. इतकं सुबक काम. आणि तो बांबू तिच्या हातातल्या फुंकणीच्या तिप्पट लांब, म्हणजे जोरही तितका जास्त.

मी नागूला समोर बसवलं. "काका, तोंड मिटा, नाक धरा आणि फुंकल्यासारखा जोर करा. फुला, तू त्यांचे डोळे बघ."

नागूनं जोर केला. फुला जवळ वाकली आणि दचकून मागं सरली. "मामांजी, डोळे लाल झाले वो तुमचे! भाईर येतायत जणू."

"छातीतला जोर मानेच्या शिरांतून वर चढतो," मी म्हणालो. "तो डोळ्यालाही लागतो. तुमचा डोळा शाबूत आहे, तो सोसतो. तिच्या डोळ्याला तीन भोकं आहेत, नुसती दोऱ्यानं बांधलेली."

नागूनं श्वास सोडला. तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीतल्या बांबूकडे बघत होता. "म्हंजे म्या केलं," तो म्हणाला. "माझ्या हातानं."

"काका, तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं."

त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. केशरनं चाचपून त्याचा हात धरला. "अवो, रडताय का काय? आतापतोर तुमी केलेला गोठा गळतोय, दार लागत न्हाई, नांगर मोडलाय. जन्मात एक काम धड चाललं, तर म्हणं त्यानंच डोळा बिघडला!"

फुलाला हसू आवरेना. नागूही नाक पुसत हसला. मग तो उठला, दोन्ही हातांनी बांबू धरून ओढला. तो निघता निघेना, इतका पक्का बसवला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर हुबळीला गेलो. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. नाकाकडचा टाका सैल पडून जखमेचे ओठ उघडले होते आणि गराचा एक धागा त्यात येऊन अडकला होता. तो कापून काढला, छिद्र नव्यानं शिवलं. आतलं रक्त थोडं होतं, ते विरेल म्हणाले. "विरेल, पण या टाक्यावर पुन्हा जोर आला तर मी काही सांगू शकत नाही."

मी त्यांना बांबूचं सांगितलं. आधी ते हसले, मग त्यांनी बांबू किती लांब होता ते हातानं दाखवायला लावलं. "सनईवाला आला तर मी त्याला आठवणीनं सांगतो, वाजवू नको," ते म्हणाले. "चूल फुंकणाऱ्या बाया रोज येतात. त्यांना सांगावं, हे सुचलंच नाही." त्या दिवसापासून त्यांच्या वॉर्डात घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला नर्स ते सांगू लागली. मीही माझ्या फेऱ्यांत 'डोळ्यावर जोर नको' हे म्हणणं सोडून दिलं. त्याऐवजी विचारू लागलो, चूल कोण पेटवतं, पाणी कोण शेंदतं, भात कोण कांडतं.

वाडीत नागूचा पाढा पाच नकोंचा झाला. भिंतीतलं भोक त्यानं शेणमातीनं लिंपलं. सुपारीच्या झावळीची विरी, म्हणजे देठाकडचं रुंद आवरण, कापून वारा घालायला पंखा केला, आणि चुलीवरच्या माळ्यावर लाकडं रचली, म्हणजे खालच्या उबेनं ती वाळत राहतील. फुंकायचं काम आता फुलाचं.

शिकवणी मी ऐकली आहे. केशर पडवीत भिंतीला टेकून बसलेली, डोळ्यावर डबी, आणि आत फुला.

"सूं सूं आवाज येतोय. वल्लं लाकूड फुडं घातलीस का गे?"

"एकच हाय, आत्ये."

"एकच नवरा बी पुरंसा होतोय घर बिघडवायला. काढ ते. बारीक काटक्या आडव्या लाव, मधी वारा जायला वाट ठेव. आता फुंक. असं पिपाणी वाजवल्यागत न्हाई. लांब फुंक, हळू, पोटातनं."

आत फुंकर चालू झाली की बाहेर केशरचे ओठ आपोआप गोल व्हायचे. श्वास भरला जायचा. तिला ते कळायचंही नाही. एकदा फुलानं दारातून ते बघितलं आणि तेव्हापासून चूल पेटवायच्या आधी ती सासूच्या तोंडात गुळाचा खडा द्यायला लागली. "हे संपूस्तवर तोंड उघडायचं न्हाई, आत्ये."

"सासू मी हाय का तू?" केशर गालात गूळ धरून म्हणायची. पण तोंड मिटून बसायची.

पहिले काही दिवस केशरच्या डोळ्यासमोरचा धूर तसाच होता. ती रोज सकाळी फणसाकडे तोंड करून बसायची आणि नागू तिथं उभा राहायचा, काही न बोलता. एका सकाळी ती म्हणाली, "तुमच्या धोतराला खोंबारा लागलाय." नागू पळतच नंदिगड्ड्याला आला, गाडी धरली आणि जोयड्याला मला सांगायला पोचला. धोतर बदललं नव्हतं, काट्यानं फाटलेला तो खोंबारा मला दाखवायला तसाच ठेवला होता.

दिवाळीच्या सुमारास मी वाडीवर गेलो. हात धुतले. केशरनं न सांगता पायाच्या बोटांकडे बघितलं. मी पापणी उचलली. तीन फिकट रेघा, नखानं ओरखडल्यासारख्या. फुगा नाही, लाली नाही. टाकेही आतल्या आत विरले होते. चष्मा लावला तरी पूर्वीसारखं लख्ख दिसणार नव्हतं, पण सुनेचं तोंड दिसत होतं आणि तांदळातला खडा दिसत होता.

"मिटलं, मावशी," मी म्हणालो. "तिन्ही दारं मिटली."

ती खूश झाली. नागूला, फुलाला बोलावून मला पुन्हा एकदा तेच म्हणायला लावलं. मग ती दोघं आत गेल्यावर माझ्याजवळ सरकली. मनात बरेच दिवस घोळत असावं.

"सार, एक इचारू? हासायचं न्हाई."

"विचारा की."

"माझ्या डोळ्यातनं जे काडलं, त्याचं काय केलं त्यांनी?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. नळीतून ते पाण्याबरोबर एका बाटलीत जातं.

"आणि बाटलीतनं?"

ते मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"न्हाई म्हंजे," ती म्हणाली, "आमच्यात बाळंतपण झालं की नाळ पुरतात. न्हाणीच्या दगडापाशी खड्डा करून, वर माती दाबून. ती उघडी पडली तर पोराची बेंबी सुकत न्हाई, चिघळत ऱ्हाते. तुमी म्हणाला, फुंकल्यानं टाका सुटला. असंल. तुमी शिकल्यालं हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. ह्येनला तर बोलूच नगा, उगंच हुबळीला जाऊन बसतील ते शोधत. पर मी जन्मभर ज्यातनं बघितलं ते हाय ते. आई बघितली, झिलू बघितला." तिनं बोटानं डोळ्याच्या खाली, हाडावर, अगदी हलकं शिवलं. "आता दारं मिटली म्हणतासा. पर सार, तिकडं त्याच्यावर कुणी मूठभर माती तरी लोटली असंल का वो?"